चौकातल्या फरशीचे पाणी

मी, सायर कुमावत, धंदा घरोघरी संगमरवर घासून त्याला पाणी, म्हणजे चकाकी, चढवणे, राहणार बोरावड रस्ता, मकराना, राजस्थान, आज पूर्ण शुद्धीत असताना आणि कोणाचेही दडपण नसताना, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते सांगून लिहवून ठेवते, ते असे.

वय सत्तरीच्या पुढे. जन्मसाल आईने लक्षात ठेवले नाही. आधार कार्डावर जे आहे ते सरकारने आपल्या सोयीने टाकले आहे. गुडघे गेले आहेत, जिना चढताना दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी म्हटले, सोमवार, आणि तुमच्या दवाखान्यात शनिवारपासून कोणी फरशी पुसलेली नाही. त्यांनी लगेच सही करून दिली.

लिहिणारे वकील दाधीचजी आहेत, शब्द माझे आहेत. मला वाचता येते, हळू येते. जिथे त्यांनी आपले शब्द घुसवले तिथे मी ते खोडायला लावले आहेत.

मी कैलासवासी घीसूलाल कुमावत यांची विधवा. हे नाव मी उभ्या जन्मात तोंडाने उच्चारलेले नव्हते. आमच्याकडे बायका घेत नाहीत. वकील म्हणाले, "बाई, नाव नसेल तर कोर्ट विचारेल, कुणाची विधवा?" म्हणून घेतले. त्यांच्या आधीची भावंडे जगली नव्हती, तेव्हा जन्मल्याबरोबर त्यांना सुपात घालून अंगणभर घासत नेले होते, देवाला वाटावे की हा टाकाऊ माल आहे, न्यायच्या लायकीचा नाही. म्हणून घीसू. यापुढे मी त्यांना धापूचे वडील म्हणेन. रीतीप्रमाणे पुखराजचे वडील म्हणायला हवे, पण हे माझे मृत्युपत्र आहे.

मला दोन लेकरे. मोठी धापू, परबतसरला दिलेली. धाकटा पुखराज, हैदराबादेत असतो. पुखराजची बायको इंदर माझ्याजवळ राहते. हे मृत्युपत्र मी एका कारणासाठी करते आहे: मी डोळे मिटल्यावर इंदरला या घराबाहेर कोणी काढू नये. बाकी जे आहे ते ओघाने आले आहे.

कलम पहिले, घराबद्दल. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मधला चौक आणि गच्चीवर जाणारा जिना, असे हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. पूर्वेला अल्लाबख्श सिलावट यांचे घर, पश्चिमेला रस्ता, उत्तरेला मोकळी जागा जिथे लोक दगडाचा चुरा टाकतात, दक्षिणेला बोळ. बाईच्या नावावर घेतले तर सरकारी खर्च कमी लागतो, म्हणून धापूच्या वडिलांनी ते माझ्या नावावर घेतले. माझ्यावर जीव होता म्हणून घेतले असे कोणी समजू नये. जीव होता, पण तो त्यांनी फरशीत घातला.

ते खाणीत कामाला होते. मोठ्या लादीत चीर निघाली की ठेकेदार ती टाकून देई. त्या टाकलेल्यातले चांगले तुकडे ते विचारून, खांद्यावर घेऊन घरी आणत. चौकातली सगळी फरशी अशा तुकड्यांची आहे. एका तुकड्यातली करडी रेघ पुढच्या तुकड्यातल्या रेघेला जाऊन मिळावी असा जोड लावला आहे. त्यासाठी ते महिनोन्‌महिने थांबत. मी म्हणायची, "अहो, भोक तसंच ठेवलंय, पोरं ठेचकाळतात." ते म्हणायचे, "ठेचकाळू देत. रेघ मिळू दे." जिन्यापाशी उभे राहिले तर ती एकच रेघ तुळशीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलेली दिसते. शेवटचा तुकडा बसला त्याच वर्षी खाणीत दगड उचलायची तार तुटली आणि ते गेले.

कलम दुसरे, फरशी सांभाळण्याबद्दल. घर ज्याला मिळेल त्याच्यावर ही अट आहे. वकील म्हणाले, अशी अट कोर्टात टिकत नाही. मी म्हटले, न टिकू दे, लिहा.

फरशी साध्या पाण्याने, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावी. कपड्याचा साबण, पावडर, फिनेल घालू नये. दिसायला स्वच्छ दिसते आणि वरचे पाणी रोज थोडे थोडे उतरत जाते. लिंबू, चिंच, ताक सांडले तर ताट सोडून उठावे आणि आधी ते पुसावे. पाहुण्यांसमोर उठायची लाज वाटू देऊ नये. हळद सांडली तर घाबरू नये, ऊन लागू द्यावे, आपोआप जाते. तेलाचा डाग मुरला तर मुलतानी मातीचा दाट लेप लावून झाकून ठेवावा आणि वाळला की काढावा. नाही गेला तर पुन्हा लावावा. वाळूची आंधी येऊन गेली की फडके मुळीच हातात घेऊ नये. आधी मऊ झाडूने वाळू काढावी, कारण वाळूवरून फडके फिरवणे म्हणजे फरशीवर कानस फिरवणे आहे. खाटेच्या पायांखाली पोते घालावे. कोणीही येवो, ठेकेदार येवो की पटवारी, चपला उंबऱ्याबाहेर.

तेजाब, म्हणजे ॲसिड, या घरात आणू नये. संडास धुवायलाही नको. याचे कारण पुढे येते.

कलम तिसरे, गावाकडच्या जमिनीबद्दल. जमीन आता नाही, पण ती कशी गेली हे लिहिल्याशिवाय घराचे कळणार नाही.

धापू हे नाव माझ्या सासूने ठेवले. धापलो म्हणजे पोट भरले, मुली पुरे झाल्या. तिच्या आधी दोन होऊन वारल्या होत्या. नाव असे असूनही तिने कधी कोणाकडे काही मागितले नाही. तिचे वडील गेले तेव्हा ती सासरहून आली होती. तेराव्याची पंगत उठते न उठते तोच पुखराज कागद घेऊन आला. आमच्याकडे मुलींनी बापाच्या जमिनीवर पाणी सोडायचे असते, भावाच्या नावाने. हक्कत्याग म्हणतात. जी सोडत नाही तिला माहेरी पेलाभर पाणी कोणी विचारत नाही.

धापू आठवीपर्यंत शिकलेली. तिने कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. पुखराज म्हणाला, "वाचत काय बसलीस? भावावर भरवसा नाही? सही कर. तुझ्या पोरीच्या लग्नात मायरा मी भरीन, माहेरचं दार तुला कायम उघडं." चार माणसे बघत होती. तिने कागद खाली ठेवला आणि न वाचता सही केली. तिच्याखाली माझ्या वाट्यापुरती मीही केली. घर माझ्या नावावर होतेच.

जमीन पुखराजने पुढे विकली आणि हैदराबादेत जागा घेतली. तेव्हा वडिलांच्या मिळकतीतला त्याचा वाटा, बहिणीचा वाटा आणि माझा वाटा असे तिन्ही त्याला पोचले आहेत. हे कलम यासाठी की त्याने पुढे मला काही मिळाले नाही असे म्हणू नये.

कलम चौथे, इंदरबद्दल. हिला मी आजवर जोधपूरवाली म्हणत आले. आमच्याकडे सुनेला तिच्या गावावरून हाक मारतात. वकिलांना मी तसेच सांगितले होते. ते म्हणाले, "जोधपूरवाली असं लिहिलं तर कोर्टात निम्मं जोधपूर येऊन उभं राहील." म्हणून इंदर, पिता कैलासवासी हणुताराम, मूळ राहणार जोधपूर, असे लिहावे.

तिची पहिली दिवाळी होती. मी सकाळी धान्य दळायला गेले होते. परत आले तर बोळातच तो वास नाकात शिरला आणि चौकातून सुर्र असा आवाज येत होता. ही पदर खोचून बादलीतून तेजाब ओतत होती आणि खराट्याने पसरवत होती. स्वयंपाकघराच्या दारापासून अर्ध्या चौकापर्यंत आली होती. जोधपूरला घरे लाल दगडाची. तिकडे दिवाळीला चुन्याचे डाग काढायला दगडावर पातळ तेजाब मारतात, त्या दगडाला काही होत नाही. संगमरवराला तेजाब लागले की तो उकळतो. हिला कोणी सांगितले नव्हते, सांगावे असे कोणाच्या मनातही आले नव्हते, कारण मकरान्यात हे शेंबड्या पोराला माहीत असते.

मला पाहून ती खुशीत म्हणाली, "सासूजी, बघा तरी, किती मळ वर येतोय."

पांढरा फेस तिला मळ वाटला होता.

मी म्हटले, "मळ नाही तो. तुझ्या सासऱ्याची हाडं वर येतायत."

हे बोलणे फार लागले असे धापू मला पुढे म्हणाली. लागू दे. मी तेव्हा बोलले ते बरोबर बोलले आणि आजही तेच बोलेन. घागरीवर घागरी ओतून आम्ही दोघींनी ते धुतले. वाळल्यावर पाहिले तर अर्धी फरशी मेली होती. खडूसारखी पांढरी, हात फिरवला तर खरखरीत, आणि करडी रेघ मध्येच बुजलेली. पुखराज म्हणाला, "हिला पाठवून दे जोधपूरला." मी म्हटले, "जाळलंय हिनं, आता उठवायचंही हिनंच. उठवल्याशिवाय कुठे जात नाही."

दुसऱ्या दिवशी तिला बट्टी हातात दिली आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी बसवले. बट्टी म्हणजे घासायचा दगड. आधी खरबरीत, मग त्याहून बारीक, मग त्याहून. पाणी सोडत जायचे आणि घासायचे. एक जात संपली की सगळे धुऊन काढायचे, कारण खरबरीत बट्टीचा एक कण जरी मागे राहिला तरी बारीक बट्टीखाली येऊन तो सगळ्यावर ओरखडे काढतो. शेवटी कथलाची पूड आणि ओला नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड तुकडा. ती झाडू मारल्यासारखा सरळ हात ओढायची. मी तिचे मनगट धरून गोल फिरवून दिले. ती रडत घासायची आणि मी शेजारी बसून घासायची, कारण हिच्या एकटीच्या हाताने ते या जन्मात झाले नसते.

होळीपर्यंत आम्ही जिन्यापाशी पोचलो. एके दुपारी तिने मला बोलावले, "सासूजी, इथून बघा." गाल फरशीला टेकवून ती आडवी झाली होती. मीही झाले. पाणी चढले की नाही ते असेच बघतात. खिडकीचे गज फरशीत वाकडेतिकडे न दिसता सरळ दिसले पाहिजेत. दिसत होते. रेघही वर आली होती. मी म्हटले, "आता जायचं असेल तर जा जोधपूरला." ती म्हणाली, "भाजी टाकायची आहे." आणि उठून आत गेली.

त्यानंतर आम्ही दोघी बाहेरची कामे घेऊ लागलो. यंत्राने फरशी घासणारे गडी खूप आहेत, पण यंत्र कोपऱ्यात जात नाही, पायरीच्या तोंडाला लागत नाही, ओट्याच्या कडेला आणि देवघरात चालत नाही. तिथे हात लागतो. आज मकरान्यात कोणाच्या ओट्यावर लिंबाचा डाग पडला, कोणाचा देव्हारा काळवंडला, तर लोक मला नव्हे, जोधपूरवालीला बोलावतात. गेली काही वर्षे मी तिच्या कमाईवर जेवते आहे. हे लिहायला वकील कचरत होते. मी म्हटले, लिहा, खरे आहे.

कलम पाचवे, पुखराजबद्दल. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तो फरशा बसवायच्या कामावर हैदराबादला गेला आणि तिकडचाच झाला. तिकडे त्याने दुसरे घर मांडले आहे, एक मुलगा आहे. इंदरला त्याने फारकत दिली नाही आणि नेलेही नाही.

धापूच्या मुलीचे लग्न निघाले तेव्हा मायऱ्याची वेळ आली. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी लिहिते: बहिणीच्या लेकराच्या लग्नात भाऊ कपडेलत्ते घेऊन दारात येतो, बहीण पाटावर उभी राहून त्याला ओवाळते आणि तो तिच्या अंगावर चुंदडी घालतो. त्यासाठीच तर मुली हक्क सोडतात. धापू पाटावर उभी राहिली. गाणी म्हणून म्हणून बायकांचे घसे बसले. पुखराजचा फोन बंद होता. तिच्या हातातल्या ताटातले निरांजन मी पुन्हा लावले, ते पुन्हा विझले.

मग इंदर पुढे झाली. स्वतःच्या कमाईतून चुंदडी, वेष, मुलीला पैंजण असे सगळे तिने आधीच घेऊन ठेवले होते, मलाही सांगितले नव्हते. धापूच्या सासरचा कोणी म्हातारा बोलला, "भाऊ नाही तर मायरा कसला?" धापू म्हणाली, "भावाच्या घरातून आलाय ना? मग झालं. घाल भाभी." इंदरच्या बोटांना घासून घासून भेगा पडलेल्या. चुंदडीच्या काठाचा जरीचा गोटा त्या भेगांत अडकायला लागला. धापूने एका हाताने ताट सांभाळले आणि दुसऱ्या हाताने तो सोडवून घेतला. मी हे सगळे पाहिले आहे आणि म्हणून हे मृत्युपत्र असे आहे.

गेल्या दिवाळीला पुखराज आला. बरोबर जागेचा दलाल होता. दोघेही चपलांसकट चौकात आले. दलाल फीत लावून मोजायला लागला. पुखराज म्हणाला, "मां, हे घर काढून टाकू. तू चल माझ्याकडे. नाही विकलं तर निदान ही फरशी तरी उखडू, वर टाइल टाकू, भाड्याला बरं पडेल."

मी विचारले, "आणि जोधपूरवाली?"

"तिचं ती बघेल. तिचं माहेर आहे की."

"तिचा बाप गेला तेव्हा तिच्याही भावांनी तिच्याकडून सही घेतली. तिला कुठलं माहेर?"

तो म्हणाला, "मां, ती इथली लागते कोण? तुझी सून म्हणून राहिली. तू गेल्यावर कोणाची सून?"

हे तो तिच्या देखत बोलला. ती दारात चहाचे पेले घेऊन उभी होती. तिने पेले ठेवले, दोघांच्या चपलांखालची वाळू मऊ झाडूने काढली आणि आत गेली. त्या दिवसापासून ती जेवताना अर्धी भाकरी ठेवून उठते. मी विचारले तर म्हणते, भूक नाही. एकदा मी तिला आपली पेटी आवरताना पाहिले. सगळे कपडे घड्या घालून भरले होते, कोणी जा म्हणाले तर वेळ लागू नये म्हणून. मला ते पाहवले नाही. मी तिथेच पेटीशेजारी बसून रडले.

पुखराज माझा मुलगा आहे आणि मी त्याला शाप देत नाही. पण या घरातली वीटही मी त्याला देत नाही. माझ्या मागे त्याने या घरावर कोणताही दावा सांगितला तर तो फेटाळावा आणि कलम तिसरे त्याला वाचून दाखवावे.

त्याच्या मुलाला मी पाहिलेले नाही. चौकातला शेवटचा तुकडा बसवताना त्याचा एक कोपरा कापून उरला होता, तळहाताएवढा. त्यात ती करडी रेघ आहे. मी तो घासून ठेवला आहे, देवघरात मिळेल. तो त्या मुलाला द्यावा. कधी इकडे आला तर त्याने तो चौकात आणून रेघेशी लावून बघावा. जुळतो.

कलम सहावे, मुख्य. माझे हे घर, जमिनीसह, भिंतींसह आणि फरशीसह, माझ्या मागे एकट्या इंदरचे व्हावे. त्यावरचा माझा सगळा हक्क मी तिच्या नावे सोडते.

वकिलांनी इथे "माझी सून इंदर हिला" असे लिहिले होते. मी ते खोडायला लावले. उद्या पुखराजने फारकत दिली तर ती माझी सून राहणार नाही आणि मग कोणीतरी म्हणेल की सुनेला दिले होते, ही कोण? तेव्हा असे लिहावे: इंदर, पिता हणुताराम, ही माझी सून असो वा नसो, पुखराजची बायको असो वा नसो, तिने पुढे दुसरे लग्न केले तरी, घर तिचे. ती इथली कोण लागते, याचे उत्तर एवढेच की ती या घराची मालकीण लागते. आणि तिच्याकडून कोणी, कोणत्याही नात्याने, हक्क सोडल्याची सही घेऊ नये.

तीजेच्या सणाला आणि राखीला इंदरने धापूला बोलावणे पाठवावे, आणि धापूने यावे. हे धापूचे माहेर राहील.

कलम सातवे. बट्ट्यांचा डबा, कथलाच्या पुडीचा डबा, नमद्याचे तुकडे, सगळे इंदरचे. बारीक बट्टी कोणाला उसनी देऊ नये, लोक ती कोरडी वापरतात. माझ्या गळ्यातली चांदीची हसली धापूच्या मुलीला.

कलम आठवे. पलीकडच्या बोळातली छगनी, जी इतकी वर्षे माझ्या चौकात गारव्याला येऊन बसली आणि दर वेळी म्हणाली की टाइलला बाई काही करावे लागत नाही, तिला मी काहीही ठेवत नाही. तिला हे कळावे म्हणून वेगळे कलम केले आहे.

कलम नववे. शेवटच्या घटकेला मला खाटेवरून खाली उतरवायची वेळ आली की चौकात, जिन्यापाशी उतरवावे. खाली शेण सारवायचे असेल तर सारवावे, शेणाने दगडाला काही होत नाही. दिव्याखाली मात्र ताटली ठेवावी, तेल सांडू देऊ नये. पुखराज पोचला तर अग्नी त्याने द्यावा, तो त्याचा हक्क मी काढून घेत नाही. न पोचला तर त्याची वाट पाहत मला ठेवू नये. अग्नी धापूने द्यावा. मला नेल्यावर घर धुतात. साध्या पाण्याने धुवावे.

हे मृत्युपत्र अमलात आणायची जबाबदारी शेजारी अल्लाबख्श सिलावट यांच्यावर. धापूच्या वडिलांबरोबर ते खाणीत होते आणि वर सांगितलेला शेवटचा तुकडा बसवायला त्यांनी हात लावला होता. ते म्हणाले, "भाभी, मी तुझ्याहून म्हातारा. मी आधी गेलो तर?" मी म्हटले, "जाऊ नका." ते बरे म्हणाले.

आता शेवटचे. हे आज सकाळीच घडले आणि ते लिहिलेच पाहिजे, म्हणून सह्या झाल्यावर ते खाली जोडायला लावले आहे; तेही वाचून आम्ही शेवटी पुन्हा सह्या करतो आहोत.

वकिलांनी आधी आणलेल्या मसुद्यात घर अर्धे धापूला आणि अर्धे इंदरला होते. मीच तसे सांगितले होते. लेकीचे एकदा गेले, दुसऱ्यांदा जाऊ नये असे मला वाटत होते. धापू परबतसरहून आली, खाली बसली, मसुदा वाचला आणि म्हणाली, "मां, माझं नाव काढ."

मी म्हटले, "पुन्हा सोडतेस? तुला एकदा सोडून पुरलं नाही?"

"सोडत नाहीये. ऐक. अर्धं घर माझं झालं की उद्या माझ्या सासरचे येऊन म्हणतील, चौकात भिंत घाला. मग बापूंची रेघ गेली भिंतीखाली. आणि वकीलसाहेब म्हणतात, ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. मला साक्षीदार व्हायचंय. पुखराज कोर्टात गेला तर त्याच्यासमोर उभं राहायला त्याची सख्खी बहीण पाहिजे. परक्याला तो गप्प बसवेल. मला नाही बसवू शकत."

इंदर स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "बाईसा, असं नका करू. लोक म्हणतील मी तुमचा वाटा खाल्ला."

धापू म्हणाली, "मायऱ्याला आले होते ना लोक? तेव्हा बघितलंय त्यांनी कोणी काय खाल्लं. तू चहा ठेव."

मग वकिलांनी दुसरा कागद लिहिला, तो हा. घरात टेबल नाही. कागद चौकात, स्वयंपाकघराच्या दारापाशी फरशीवरच ठेवले. अल्लाबख्शजी खाटेवर, आम्ही तिघी खाली. धापूने पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तेजाबाचे कलम आले तेव्हा इंदरने ओढणी तोंडावर घेतली. मायऱ्याचे आले तेव्हा धापू पाणी प्यायली आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. वकील घड्याळ बघत होते. ती म्हणाली, "साहेब, मला वाचू द्या. या घरातला मागचा कागद मी वाचला नव्हता."

सगळा वाचून झाल्यावर आधी मी सही केली, मग अल्लाबख्शजींनी, मग तिने. आम्ही कागद ठेवला होता तो तुकडा तेजाबाने सगळ्यात जास्त जळलेला होता, तिथूनच इंदरने घासायला सुरुवात केली होती. सही करताना कागदावर पेन कुठेही अडखळले नाही.

इंदर आत गेली आणि पेटी उघडल्याचा आवाज आला. ती कपडे काढून परत फळीवर लावते आहे.

मुक्काम मकराना. सोमवार, तारीख १३ मे २०२४.

सही : सायर कुमावत

साक्षीदार : अल्लाबख्श सिलावट, राहणार शेजारचे घर. सायरभाभींनी माझ्यासमोर, आपल्या हाताने सही केली.

साक्षीदार : धापू, घीसूलाल आणि सायर यांची मुलगी, राहणार परबतसर. या कागदाने मला काही मिळत नाही. मी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मग सही केली.